पहिल्या भागावरून दिलेला निकाल

दिनांक २३ ऑक्टोबर २०२० रोजी ‘स्टार प्रवाह’ वाहिनीवर ‘दख्खनचा राजा जोतिबा’ ही मालिका सुरू झाली, तेव्हा तिची वाट आमच्या पन्हाळा तालुक्याने जितकी पाहिली तितकी अन्य कोणी क्वचितच पाहिली असेल. वाडी रत्नागिरीचा डोंगर आमच्या गडावरून दिसतो. चैत्री पौर्णिमेच्या सासनकाठ्या आणि गुलाल म्हणजे आम्हांस घरचेच कार्य. त्यातून मालिकेचे चित्रीकरणही कोल्हापूरच्या चित्रनगरीत व्हावयाचे. वर्ष टाळेबंदीचे होते. राज्यातील मंदिरांची दारे १६ नोव्हेंबरपर्यंत मिटलेलीच होती. तेव्हा आपणांस देवाकडे जाता येत नाही म्हणून देवच घरी आला, असे पुष्कळ वृद्ध मंडळींस वाटले असल्यास नवल नाही.

परंतु थोडे दिवस लोटतात न लोटतात तोच दोन तक्रारी ऐकू येऊ लागल्या. पहिली घराघरांतून, विशेषतः तरुण मंडळींकडून: “कथा पुढे सरकतच नाही. दैत्य नुसता हसतो, देव नुसता पाहतो, आणि भाग संपतो.” दुसरी आली प्रत्यक्ष डोंगरावरून. जोतिबाचे पुजारी व ग्रामस्थ यांचे म्हणणे असे की, मालिकेतील कथानक ‘केदारविजय’ ग्रंथास धरून नाही. दाखवायचे तर ग्रंथाप्रमाणे दाखवा, नाही तर दाखवू नका. एकाच मालिकेवर, जवळजवळ एकाच वेळी झालेल्या या दोन टीका. परंतु त्यांची जात अगदी निराळी आहे, आणि ती निराळी का, याचा विचार केल्याशिवाय अशा मालिकांविषयी घरात जे वाद होतात ते मिटणार नाहीत, असे आम्हांस वाटते.

प्रथम ‘अशा मालिका’ म्हणजे कशा, ते सांगितले पाहिजे. ज्यांचा नायक मनुष्याच्या शक्तीपलीकडील शक्ती धारण करितो, त्या. इंग्रजीत अशा नायकास ‘सुपरहिरो’ म्हणतात, आणि त्यांपैकी आद्य जो ‘सुपरमॅन’ तो १९३८ साली अमेरिकेतील एका चित्रमासिकात अवतरला. देवास ‘सुपरहिरो’ म्हणणे आम्हांस रुचत नाही. आमच्या नातवंडांनी तसे म्हटले असता आम्ही त्यांस तेथेच थांबवितो. तथापि कथा रचणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर रक्तभोज व रत्नासुर यांचा संहार करणारा देव आणि आकाशात उडणारा तो निळ्या वस्त्रांतला गृहस्थ, या दोघांपायी त्याच्यापुढे अडचण एकच येते. नायक हरणार नाही, हे प्रेक्षकास पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. मग ‘पुढे काय होणार’ या उत्सुकतेवर कथा चालवायची तरी कशी?

या प्रश्नाचे उत्तर पन्हाळ्याच्या माणसास फार दूर शोधावे लागत नाही. कविवर्य मोरोपंतांचा जन्म १७२९ साली याच गडावर झाला. त्यांनी रामकथा एकदा नव्हे, शंभराहून अधिक वेळा रचिली अशी प्रसिद्धी आहे. एका रामायणात ओष्ठ्य वर्ण येऊ द्यावयाचा नाही, दुसऱ्यात प्रत्येक पद्यात अमुक शब्द आलाच पाहिजे, अशी नाना बंधने घालून घेऊन त्यांनी तीच कथा पुनः पुनः सांगितली. रावण मरतो की वाचतो, ही शंका मनात ठेवून त्यांपैकी एकही रामायण कोणी उघडले नसेल. कीर्तनासही हीच गोष्ट लागू. उत्तररंगात बुवांनी द्रौपदीवस्त्रहरणाचे आख्यान लाविले आणि तासभर श्रीकृष्णास द्वारकेतून निघूच दिले नाही, तरी सभामंडपातील कोणी “कथा सरकत नाही” म्हणून उठून गेल्याचे आम्ही पाहिले नाही. कारण कृष्ण येणार हे सर्वांस ठाऊक असते. श्रोता बसलेला असतो तो द्रौपदीच्या हाकेसाठी.

याचा अर्थ सावकाशपणा म्हणजे गुणच, असा मात्र कोणी घेऊ नये. आमच्या साहित्यशास्त्रकारांनी या बाबतीत जी चिकित्सा करून ठेविली आहे ती आजच्या दूरदर्शनटीकेपेक्षा कितीतरी सूक्ष्म आहे. काश्मीरच्या मम्मटाचार्यांनी अकराव्या शतकात लिहिलेल्या ‘काव्यप्रकाशा’च्या सातव्या उल्लासात रसदोष सांगितले आहेत. त्यांपैकी चार दोष वाचताना, ग्रंथकाराने हल्लीच्या मालिका पाहिल्या होत्या की काय, असा भास होतो. एक दोष असा की, पूर्ण परिपोष पावलेला रस पुनः पुनः चेतवीत राहावयाचे. उदाहरण म्हणून त्यांनी ‘कुमारसंभवा’तील रतिविलाप दिला आहे, म्हणजे प्रत्यक्ष कालिदासाचीही त्यांनी भीड धरिली नाही! दुसरा, नको त्या स्थळी रसाचा पसारा मांडणे. ‘वेणीसंहार’ नाटकाच्या दुसऱ्या अंकात वीरांचा क्षय होत असताना दुर्योधन भानुमतीशी शृंगार करितो, हे त्याचे उदाहरण. तिसरा, नको त्या स्थळी रस तोडणे. ‘महावीरचरिता’च्या दुसऱ्या अंकात राम व परशुराम यांचा वीरसंवाद ऐन भरात आला असता राम कंकणमोचनाच्या विधीसाठी निघून जातो. आणि चौथा दोष, मुख्य नसलेल्या अंगाचा अतिविस्तार.

परशुरामासमोरून कंकण सोडावयास जाणारा राम वाचला की आम्हांस जाहिरातीच आठवतात. केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत तासाला १२ मिनिटे जाहिरातींची मर्यादा सांगितली आहे, म्हणजे अर्ध्या तासाच्या भागात सहा मिनिटे. त्यात मागील कथेची आठवण, नामावली आणि उद्याच्या भागाची झलक मिळविली की खऱ्या कथेस वीस-बावीस मिनिटे उरतात. त्यातही गदा उचलिली रे उचलिली की साबण! भवभूतीस निदान विवाहविधीचे तरी निमित्त होते.

आता थोडे मागे जाऊ. रामानंद सागर यांचे ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर दिसू लागले, तेव्हा आरंभी इंग्रजी वृत्तपत्रांतील टीकाकारांनी त्याची पुष्कळ हेटाळणी केली. गती मंद, नेपथ्य भडक, चित्रे दिनदर्शिकेवरच्यासारखी, असा एकंदर सूर. या टीकेत तथ्य नव्हते असे नाही. पात्रांच्या मुखावरून मुखावर फिरणारा तो कॅमेरा अर्धा भाग अश्रूंतच घालवी. परंतु ज्या घरांतून स्नाने उरकून, दूरदर्शन संचास हार घालून मंडळी बसत, त्यांस ती गती मंद वाटली नाही. त्यांनी ती कीर्तनाची गती म्हणून ओळखिली होती. कैकेयीने वर मागावा आणि दशरथ ढासळावा, हे ते जाणत होते. तो कसा ढासळतो ते त्यांस डोळे भरून पाहावयाचे होते. आरंभी ५२ भागांची मंजुरी असलेली ती मालिका ७८ भागांपर्यंत वाढली आणि ३१ जुलै १९८८ रोजी संपली.

आणि संपली तेव्हा काय झाले, हे आरंभीच्या टीकेहून अधिक ध्यानात ठेवण्याजोगे आहे. राज्याभिषेकाने कथा आटोपती घेतली, उत्तरकांड गाळले, म्हणून उत्तर भारतात वाल्मीकी समाजातील सफाई कामगारांनी संप पुकारला. शेवटी सरकारास नमते घ्यावे लागले व ‘उत्तर रामायण’ निघाले. नको त्या स्थळी रसच्छेद झाला म्हणून झाडू खाली ठेवणारा प्रेक्षक मम्मटाचार्यांसही मिळाला नव्हता. मालिका मंद आहे असे लिहिणाऱ्यांस ती कोठे थांबणार, याची त्या वेळी कल्पना नव्हती. ज्यांस कथा सबंध पाठ होती त्यांस ती कोठे तुटली ते नेमके कळले. पुढे २८ मार्च २०२० पासून टाळेबंदीत तीच मालिका पुन्हा दाखविली गेली आणि तेहतीस वर्षांपूर्वीची ती मंद गती नव्या पिढीनेही सहन केली, नव्हे आवडीने पाहिली.

‘शक्तिमान’ची कथा थोडी निराळी. १३ सप्टेंबर १९९७ पासून दूरदर्शनवर आलेली ही मालिका २००५ सालच्या मार्चपर्यंत चालली. मुकेश खन्ना हे गृहस्थ आधी ‘महाभारता’तील भीष्म म्हणून सर्वांस परिचित होतेच. आमच्या शिक्षकवर्गात तेव्हा या मालिकेविषयी बरे बोलणारा विरळा होता. मुले वर्गात गोल गोल फिरत. कोणी ओट्यावरून उड्या मारीत. शक्तिमान येऊन वाचवील या भरवशावर मुलांनी स्वतःस इजा करून घेतल्याच्या वार्ता देशभरातून छापून आल्या, आणि खन्ना यांस पडद्यावर येऊन मुलांस समजवावे लागले. ही चिंता खरी होती व आम्ही तिच्यात सामील होतो. पण त्या गोंधळात मालिकेच्या रचनेकडे कोणी पाहिलेच नाही. शक्तिमानास सामर्थ्य मिळते ते योगसाधनेने आणि पंचमहाभूतांच्या योगाने. त्याचा शत्रू आहे तम. ही सामग्री आपल्या घरची होती. एरवी तो असतो गंगाधर. चष्मेवाला, पुढे आलेल्या दातांचा, वृत्तपत्राच्या कचेरीत सर्वांच्या चेष्टेचा विषय झालेला भोळा मनुष्य. मुष्टियुद्ध सुरू झाले की आमचे लक्ष उडे. गंगाधर बोलू लागला की परत येई. अजिंक्य माणसाचा जय पाहण्यात काय गोडी? सामर्थ्य असून ते लपवावे लागते, आणि ज्यांस आपण वाचविले तेच आपणांस हसतात, यात गोडी आहे. विराटाच्या नगरीत बृहन्नडा होऊन राहिलेल्या अर्जुनाचीच ही गोडी. म्हणून अशा मालिकेतील संथ भाग पाहताना आम्ही एवढेच विचारतो की, हा वेळ गंगाधरास दिला की किल्विषाच्या हसण्यास दिला?

पाश्चात्त्य मंडळींसही हा प्रश्न चुकलेला नाही. १९६६ सालच्या जानेवारीत अमेरिकेत ‘बॅटमॅन’ मालिका सुरू झाली. बुधवारी नायकास सापळ्यात अडकवून भाग संपवायचा आणि गुरुवारी त्याच वेळी त्यास सोडवायचे, असा तिचा क्रम. पहिले काही महिने सारा देश त्या सापळ्यामागे वेडा झाला. परंतु सापळा कितीही चमत्कारिक असला तरी गुरुवारी तो उघडणार, हे कळावयास प्रेक्षकास किती बुधवार लागणार? तिसऱ्या वर्षी मालिका आठवड्यातून एकदाच राहिली आणि १२० भागांनंतर मार्च १९६८ मध्ये मिटली. आरंभीचे कौतुक त्या सापळ्याचे होते, आणि सापळा हे कथेचे बळ नव्हे.

अलीकडे तेथे निराळीच रीत पडली आहे. मालिका प्रसिद्ध होण्यापूर्वी टीकाकारांस आरंभीचे काही भाग दाखवितात व तेवढ्यावर ते लिहितात. २०१७ सालच्या मार्चमध्ये नेटफ्लिक्सवर ‘आयर्न फिस्ट’ आली, तेव्हा तेरांपैकी सहा भाग पाहून टीकाकारांनी तिच्यावर कडक ताशेरे झाडले. गती रखडलेली, नायक निर्जीव. नायकाचे काम करणाऱ्या नटाने, मालिका टीकाकारांसाठी नसून चाहत्यांसाठी आहे, असा बचाव केला. आमच्या थोरल्या नातवाने सुट्टीत तेराही भाग पाहिले आणि म्हणाला, “आजोबा, सहा भागांत जे होते तेच तेरांत आहे.” म्हणजे तेथे उतावळा निकालही बरोबरच ठरला. उलट २०२१ सालच्या जानेवारीत ‘वांडाव्हिजन’ आली. तिचे पहिले दोन भाग जुन्या काळच्या कृष्णधवल घरगुती विनोदी मालिकेच्या थाटाचे. शत्रू नाही, युद्ध नाही. टीकाकारांस तीन भाग आधी दाखविले होते, आणि काहींस हे काय चालले आहे ते उमगेना. पुढे कळते की, जोडीदार गमावलेल्या त्या स्त्रीने शोक सहन न होऊन आपल्या सामर्थ्याने एक खोटे घर उभे केले आहे, आणि त्या घरात काही घडू नये, दिवस असेच जावेत, हीच तिची इच्छा आहे. नऊ भागांच्या त्या मालिकेचा संथ आरंभ हाच तिचा करुणरस होता. तिसऱ्या भागावर उठून गेलेल्यास तो कळला नसता.

मग आरंभीचा निकाल कधी खरा आणि कधी खोटा? आमचे मत असे की, घटना मोजून दिलेला निकाल बहुधा फसतो. पहिल्या दहा भागांत किती युद्धे झाली, हा प्रश्नच व्यर्थ आहे. एखादा विलंब कशाच्या पोषणासाठी आहे, एवढे मात्र पहिल्या आठवड्यातही पारखता येते. एकाच मुखावर तीन वेळा कॅमेरा आदळून, प्रत्येक वेळी ढोल वाजवून, उत्तर उद्यावर ढकलले, तर तो विस्तार नव्हे, पाल्हाळ होय. आणि हे ओळखावयास शंभर भाग पाहावे लागत नाहीत.

रोजच्या मराठी मालिकांत हे पाल्हाळ का शिरते, याचे कारण कलेत कमी व हिशेबात अधिक आहे. प्रेक्षकसंख्येचे आकडे दर आठवड्यास निघतात, आणि लेखक पुढचे प्रसंग ते आकडे पाहून लिहितो. कथा किती भागांत संपवायची हे आरंभी ठरलेलेच नसते. आकडे चढते असले तर दैत्यवध लांबतो. उतरले तर घाईने उरकला जातो. कालिदासाने दर गुरुवारी सर्ग वाचून दाखवून पुढचा लिहिला असता तर रतिविलाप किती सर्ग चालला असता, याचा विचारच न केलेला बरा.

तथापि सर्वच लांबण या हिशेबाच्या माथी मारता येत नाही. ‘जोतिबा’च्याच निर्मात्यांची, म्हणजे महेश कोठारे यांच्या संस्थेची, ‘जय मल्हार’ ही मालिका ‘झी मराठी’वर मे २०१४ पासून एप्रिल २०१७ पर्यंत चालली. तिच्यातील म्हाळसा व बानू यांच्या कलहास सुशिक्षित घरांतून पुष्कळ नाके मुरडली गेली. देवाची कथा सोडून हे सवतीमत्सराचे प्रकरण कशास, असे आमच्या घरीही म्हटले गेले. मम्मटाच्या मापाने हा अंगाचा अतिविस्तार खरा. पण जेजुरीच्या जागरणात वाघ्या-मुरळी पिढ्यान्‌पिढ्या जे गात आले ते हेच प्रकरण आहे. वाण्याची म्हाळसा आणि धनगराची बानू यांच्या भांडणात दोन समाजांचा देवावरचा हक्क बोलतो. आम्ही ज्यास अंग समजतो ते त्या श्रोत्यांचे अंगी आहे. तेव्हा काव्यशास्त्राचे माप लावितानाही ते कोणाच्या कथेस लावितो आहो, हे पाहिले पाहिजे.

आता पुन्हा जोतिबाच्या डोंगराकडे वळू. पुजारी व ग्रामस्थ यांच्या आक्षेपास काही वृत्तपत्री मंडळींनी असहिष्णुतेच्या सदरात टाकले. मालिका आताच सुरू झाली आहे, पुढे काय येते ते तरी पाहा, असा त्यांस उपदेश झाला. हा उपदेश आम्हांस अस्थानी वाटतो. घरात बसून “कथा सरकत नाही” म्हणणाऱ्या तरुणास तो करावा, कारण त्यास पुढचे ठाऊक नसते. पुजाऱ्यास पुढचे सारे ठाऊक आहे. विमलांबुजेच्या ओंजळीत देव प्रकटला येथपासून दैत्यसंहारापर्यंतची कथा त्याने ओवी ओवीने ऐकलेली आहे. आरंभीच्या भागावरून मत देण्याचा अधिकार कोणास असेल तर ज्यास शेवट माहीत आहे त्यास, आणि या मालिकेपुरता तो अधिकार त्या डोंगरावर होता.

मात्र ग्रंथास धरून असणे आणि गतीने बरोबर असणे या दोन गोष्टी वेगळ्या. ओवीन् ओवी दाखविणारी मालिकाही कंटाळवाणी होऊ शकते. उलट मोरोपंतांनी एक लक्ष श्लोकांचे भारत आर्यांत आणिले तेव्हा काय काय गाळिले असेल, याचा हिशेब कोणी त्यांच्याकडे मागितला नाही. काय ठेवावे हे त्यांस कळत होते, म्हणून त्यांस ती मोकळीक मिळाली. मालिकेच्या लेखकांसही ती मोकळीक असावी, असे आमचे मत आहे, आणि डोंगरावरील आमच्या स्नेह्यांस ते मान्य नाही, हेही आम्ही जाणतो. त्यांचे म्हणणे असे की, मोरोपंतांचे वाचक मूळ कथा जाणत होते. आजचे मूल ‘केदारविजय’ वाचणार नाही, पडद्यावर दिसेल तेच त्याचे पुराण होईल. या मुद्द्यास आमच्यापाशी अद्याप पुरते उत्तर नाही.

वृत्तपत्रांस मात्र एक विनंती आहे. नवी मालिका आली की पहिल्या आठवड्यात रकाने भरून येतात: वेशभूषा कशी, नायक कसा शोभतो, गती कशी. मालिका संपते त्या दिवशी एक ओळही नसते. ‘जोतिबा’च्या आरंभाविषयी आमच्या घरी कापून ठेविलेली सात-आठ कात्रणे आहेत, तिच्या अखेरच्या भागाविषयी कोणी काही लिहिलेले आमच्या पाहण्यात आले नाही.